वाचकांचे प्रश्न : बिगुल, ड्रम आणि एका दशांशाचा हिशेब

प्रश्न : मागच्या वर्षी आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे, तीन महिने राहिलो. तिच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी एके दिवशी आम्हांला एक जुने पितळी वाद्य दाखवले आणि “मी 1979 साली एज आउट झालो” असे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. ते तरुणपणी एका स्पर्धात्मक ‘ड्रम कोअर’मध्ये होते, एवढेच आम्हांला कळले. हा शाळेच्या बँडचाच प्रकार आहे का? आणि चाळीसहून अधिक वर्षांनंतरही एखाद्याला त्याचे इतके का वाटावे? (एक निवृत्त शिक्षिका, नाशिक)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण आपल्या शेजाऱ्यांनी दाखवलेल्या वाद्याच्याच कुळातील एक वाद्य, बॅरिटोन बिगुल, मी 1976 ते 1980 अशी पाच वर्षे विस्कॉन्सिनमधील एका छोट्या गावाच्या पथकात वाजवले आहे. ठाण्याहून आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि त्या गावात मला ‘आपली’ म्हणणारी पहिली माणसे मिळाली ती या पथकातच.

शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन अशी सर्व तऱ्हेची वाद्ये असतात आणि तो बँड शाळेचा असतो. ड्रम कोअरचे तसे नव्हते. तेथे केवळ बिगुल आणि ड्रम, आणि त्यांच्या जोडीला निशाणे, लाकडी रायफली व तलवारी फिरवणारा ‘कलर गार्ड’. पथक शाळेचे नसे, तर गावाचे असे. पहिल्या महायुद्धानंतर ‘अमेरिकन लीजन’ आणि ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’ या माजी सैनिकांच्या संघटनांनी लष्करातील बिगुल आणि ड्रमची परंपरा गावोगावी चालू ठेवली, पुढे चर्चे आणि बालवीर संघटना यांनीही मुलांची पथके उभी केली, आणि बराच काळ राष्ट्रीय स्पर्धा व त्यांचे नियम या सैनिक-संघटनांच्याच हाती राहिले. आपण काय वाजवावे आणि आपल्याला कोणी कसे तपासावे यात पथकांना फारसा शब्द नव्हता. या नाराजीतून पथकांच्या संचालकांनी 1971 साली ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही स्वतःची संस्था काढली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि कॅलिफोर्नियाच्या ‘अ‍ॅनाहाइम किंग्समेन’ या पथकाने ती जिंकली.

वाद्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. आमचे सर्व बिगुल ‘जी’ सुरात, म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी पाचमध्ये, बांधलेले असत. मी सुरुवात केली त्या बिगुलाला एक आडवा पिस्टन अंगठ्याने दाबावा लागे आणि दुसरी, फिरती झडप दुसऱ्या हाताच्या बोटाने चालवावी लागे. एवढ्याने सप्तकातील सर्व स्वर निघत नसत. खालच्या पट्टीतील काही स्वर वाद्यात नव्हतेच, त्यामुळे रचनाकार एकच सुरावट सोप्रानो, मेलोफोन आणि बॅरिटोन या वेगवेगळ्या उंचीच्या बिगुलांत अशी वाटून देत की ऐकणाऱ्याला तुटलेला धागा जाणवू नये. 1977 पासून दोन उभे पिस्टन असलेले बिगुल वापरण्यास मान्यता मिळाली. आमच्या पथकाला नवी वाद्ये घ्यायला आणखी वर्ष लागले आणि आमची बोटे पुन्हा पहिल्यापासून शिकली. तरीही त्या अपुऱ्या वाद्यांवर रॉकफर्डचेच ‘फँटम रेजिमेंट’ हे पथक पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवत असे, आणि ते मैदानाच्या कडेला उभे राहून ऐकताना बिगुलाला एखादा स्वर कमी आहे हे कोणाच्याही ध्यानात येत नसे.

आता चालण्याविषयी. स्पर्धा अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर होत. पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचे, हे माप आमच्या पायांत इतके भिनले होते की आजही रिकाम्या वाहनतळावर माझी पावले त्याच अंतराने पडतात. एका पथकात जास्तीत जास्त 128 जण असू शकत. आमचे कधी ऐंशीच्या वर गेले नाही. साधारण अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम आम्ही हिवाळ्यापासून बसवायला घेत असू आणि ऑगस्टपर्यंत तोच घासत असू. त्या काळी चूक मोजण्याची पद्धत अशी होती की परीक्षक हातात कागद लावलेली फळी घेऊन मैदानावर आमच्या ओळींमधून फिरत, आणि वाकडी झालेली ओळ, लवकर उचललेले पाऊल, पुढेमागे पडलेला ठोका, अशा प्रत्येक दोषासाठी एक खूण करत. एका खुणेला गुणांचा एक दशांश जाई. या खुणेला ‘टिक’ म्हणत. 1979 च्या एका स्पर्धेत आम्ही दोन दशांशांनी मागे राहिलो, आणि त्यांतील एक टिक माझ्या पावलाची होती हे मला निश्चित माहीत आहे, कारण वळणावर मी अर्धे पाऊल चुकले तेव्हा परीक्षक माझ्या कोपराजवळच उभे होते. रात्री बसमध्ये मी ते शेजारी बसलेल्या मुलीला सांगितले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली की आणखी एक तिची होती.

ही पद्धत 1983 च्या हंगामानंतर बंद झाली, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. चूक मोजली जाते तेव्हा रचनाकार धाडस करत नाही. आमच्या काळातील बहुतेक रचना मैदानाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना आरशासारख्या सारख्या असत. न्यू जर्सीच्या ‘गारफिल्ड कॅडेट्स’साठी जॉर्ज झिंगाली यांनी जी वाहती, असमान वळणे रचली, त्यांच्या बळावर ते पथक 1983 साली, म्हणजे टिकच्या शेवटच्याच वर्षी, अजिंक्य ठरले. ते पाहून मी मात्र थोडी हळहळले, कारण तसे चालण्याचे माझे वय तोवर सरले होते.

येथे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. या पथकांत एकविसाव्या वर्षापर्यंतच राहता येई. त्या वयाचा शेवटचा हंगाम संपला की माणूस ‘एज आउट’ होई, मग तो कितीही चांगला वाजवणारा असो. माझा शेवट 1980 च्या ऑगस्टमध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथे झाला. अंतिम फेरीत बारा पथके जात, आणि आमचे पथक त्या बारांत कधीच पोहोचले नाही, त्यामुळे माझा शेवटचा कार्यक्रम रात्रीच्या दिव्यांखाली नव्हे, तर प्राथमिक फेरीत, भर उन्हात, बऱ्याच रिकाम्या आसनांसमोर झाला. शेवटचा स्वर मी ठरल्यापेक्षा किंचित लांबवला. तो नियमाला धरून नव्हता. मागे उभ्या असलेल्या मुलांनीही तो माझ्याबरोबर लांबवला.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात ढोल-ताशा पथकात आहे. आपण सांगता तशा पथकांचा खर्च कोण करत असे, आणि मुले महिनोन्‌महिने राहत कोठे? (एक पालक, पुणे)

उत्तर : आमच्या काळी खर्च गाव करत असे. आमच्या पथकाचे मोठे उत्पन्न आठवड्यातून एकदा होणाऱ्या बिंगोच्या, म्हणजे आपल्याकडील हाऊजीसारख्या, खेळांतून येई, आणि माझे वडील कारखान्यातून परस्पर तेथे जाऊन खेळाच्या पत्रिका विकत. गणवेश पालकच शिवत. माझ्या आईने साड्यांना फॉल लावताना कमावलेला हात तेथे उपयोगी आणला. जॅकेटच्या छातीवरची सोनेरी गोफ ती अशी बारीक टाक्यांनी बसवे की दोन उन्हाळ्यांच्या घामाने आणि पावसाने ती उसवली नाही, आणि तिसऱ्या वर्षी साऱ्या पथकाची गोफ तिच्याकडे आली. इंग्रजी फारसे न येणाऱ्या माझ्या आईला त्या गावात मान मिळाला तो या शिवणामुळे.

प्रवासात आम्ही जुन्या बसमध्ये रात्रभर बसून जात असू आणि पहाटे कोणत्या तरी शाळेच्या व्यायामशाळेत लाकडी फरशीवर पथारी पसरत असू. चार तास झोप, मग दिवसभर उन्हात सराव, संध्याकाळी स्पर्धा, आणि पुन्हा बस. स्वयंपाक सोबत आलेले पालक करत. मी मांस खात नाही हे लक्षात ठेवून एक काकू माझ्यासाठी रोज वेगळे पातेले चढवत. त्यांचे ऋण माझ्याकडून फिटलेले नाही.

हे सारे आता बरेच बदलले आहे. प्रवास वाढले, खर्च वाढला, आणि 1970 च्या दशकात शेकड्यांनी असलेली गावांची पथके एकेक करून बंद पडली. आमचेही त्यांत गेले. आज जी मोठी पथके उरली आहेत त्यांचे वादन आणि चालणे आमच्यापेक्षा कितीतरी वरचे आहे, हे मी मनापासून मान्य करते. पण तेथे देशभरातून निवड होते आणि एका उन्हाळ्याचे शुल्क काही हजार डॉलर असते. नुकतेच वाद्य हाती घेतलेल्या, पैसे नसलेल्या, भाषेत अडखळणाऱ्या मुलीला दार उघडणारे पथक गावात असणे, ही गोष्ट त्या वादनाइतकीच मोलाची होती असे मला वाटते, आणि तिच्या जाण्याचे दुःख मला अजूनही आहे. आपल्या मुलाच्या पथकात नवख्यांना जागा असेल, तर ती राखण्यासाठी पालक म्हणून आपणही जे करता येईल ते करावे.

प्रश्न : (नाशिकच्याच वाचकांकडून) आम्ही पुन्हा रॉकफर्डला जाणार आहोत. त्या गृहस्थांशी याविषयी बोलावे की जखम उघडू नये?

उत्तर : अवश्य बोलावे. कोणत्या वर्षापासून, कोणते वाद्य, ओळीत कितवी जागा, आणि डावीउजवीकडे कोण उभे असे, एवढे विचारा. ती नावे त्यांना अजून तोंडपाठ असतील. आमची वाद्ये पथकाच्या मालकीची असत आणि शेवटच्या दिवशी पेटीत घालून परत करावी लागत. माझ्या पेटीवरचा क्रमांक 14 होता, आणि ती पुढच्या वर्षी एका चौदा वर्षांच्या मुलाला मिळाली. 2000 पासून इतर सुरांतील पितळी वाद्ये चालू लागली तेव्हा कित्येक पथकांनी आपले जुने जी बिगुल विकून टाकले. आपल्या शेजाऱ्यांकडे ते वाद्य आज आहे, म्हणजे त्यांनी ते केव्हातरी शोधून, पदरचे पैसे देऊन परत मिळवले असावे. ते कसे मिळवले, हे त्यांना विचारा. आणि ओठ चालत असतील तर एक लांब स्वर वाजवून दाखवायला सांगा. आपण नाशिकला परतल्यावर तो स्वर कसा होता, हे मला पत्राने कळवावे, ही विनंती.