सोलापुरात कारखान्यासोबत संशोधन प्रकल्प करायचा, तर एमओयू आधी की काम आधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक.चं दुसरं वर्ष आहे, विभागप्रमुख म्हणतात आधी एखाद्या टॉवेल कारखान्याशी एमओयू (सामंजस्य करार) करून आण, विषय मग ठरवू. मसुदा कुठे मिळेल, पैसे कोण देतं आणि जीएसटी लागतो का?

मसुदा तुमच्या संस्थेच्या आर अँड डी सेलमध्ये तयार पडलेला असतो, नावं बदलली की झालं. पण एमओयूने काम सुरू होत नाही. चादर पांघरून फोटो निघतो, नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फाईलला एक कागद लागतो, आणि पुढच्या वर्षी त्याच कारखान्यात दुसऱ्या कॉलेजची माणसं दुसरी चादर घेऊन येतात. आधी विषय ठरवा, तोही कारखान्यात जाऊन.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाईंग युनिटसोबतचा आमचा प्रकल्प याच्या उलट क्रमाने झाला. पहिल्या बैठकीत मालक म्हणाले होते, "सर, रंगाचं आम्ही बघतो. टीडीएसचं काहीतरी करा." (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार.) प्रकल्पाच्या टिपणात विषय उतरला तो मात्र 'रिॲक्टिव्ह रंगाच्या सांडपाण्याचं फेंटन पद्धतीने विरंजन', म्हणजे लोह आणि पेरॉक्साइडने पाण्यातला रंग घालवणं. कारण विभागात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर होता आणि त्यावर रंग मोजता येतो. टिपणावर सही माझीही आहे.

मालक काय सांगत होते ते साध्या गुणाकारात दिसतं. १०० किलो सूत, लिकर रेशो (सुताला पाण्याचं प्रमाण) १:१०, म्हणजे बाथ, रंगवण्याचं पाणी, १,००० लिटरचा. गडद शेडला लिटरला ७० ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम सोडा (सोडियम कार्बोनेट) धरला तर ७० आणि २० मिळून ९० किलो झाले. मीठ रंगाला सुतावर ढकलतं, स्वतः सुतात राहत नाही, त्यामुळे ते सगळंच्या सगळं गटारात जातं. नंतरचे धुण्याचे आणि सोपिंगचे (साबण लावून धुण्याचे) ८ बाथ धरून एकूण पाणी ९,००० लिटर. ९० किलोला ९,००० लिटरने भागा: लिटरला १० ग्रॅम, म्हणजे टीडीएस १०,००० मिलिग्रॅम, बोअरचा मूळ खारेपणा वेगळाच. नदीनाल्यात सोडायची मर्यादा २,१०० आहे. फेंटन यातला एक ग्रॅमही कमी करत नाही, उलट वाढवतो. तिरुपूरच्या डाईंग युनिटांवर २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंदी आणली ती नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून. सोलापूरच्या मालकांना ते नीट ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या तोंडी टीडीएस.

प्रयोगशाळेत सगळं छान चाललं होतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिटरला १०० मिलिग्रॅम 'रिॲक्टिव्ह ब्लॅक ५' रंग, पीएच ३, फेरस सल्फेट, वरून हायड्रोजन पेरॉक्साइड. शाईसारखं पाणी बघता बघता नितळ. मग ५०० लिटरची प्लॅस्टिकची टाकी कारखान्यात नेली आणि खरा बाथ त्यात घेतला. त्याचा पीएच ११ च्या आसपास, सोडा सगळा आत. पीएच ३ वर आणायला सल्फ्युरिक ॲसिड सोडलं आणि टाकीला फेस चढला. काळसर निळा, दाट, काठावरून उतरून थेट सुताच्या लड्यांकडे. यात गूढ काहीच नव्हतं. लिटरला २० ग्रॅम सोडा मारायला साडेअठरा ग्रॅम ॲसिड लागतं आणि त्यातून साडेचार लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. ५०० लिटरमागे तो होतो २,३०० लिटर, आणि बाथमधल्या, सूत भिजवणाऱ्या वेटिंग एजंटने त्याचा साबणासारखा फेस केला. बीकरमध्ये सोडाच नव्हता, तर फेस कुठून दिसणार? शिवाय सोड्याच्या जागी सोडियम सल्फेट तयार होतं, ते वजनाला जास्त: २० ग्रॅमच्या जागी जवळपास २७. टीडीएस वाढला तो असा. खाली बसलेला लोखंडाचा गाळही घातक कचऱ्यात मोडतो, तो अधिकृत विल्हेवाट केंद्रालाच द्यावा लागतो. त्याचा खर्च प्रस्तावात कोणी धरला नव्हता.

सीओडीचे (पाण्यातला सेंद्रिय भार डायक्रोमेटने मोजतात त्याचे) आकडे वेगळेच रुसले. पेरॉक्साइड उरलं तर तेही डायक्रोमेट खातं आणि सीओडी खोटा वाढतो. साध्या मिठाच्या क्लोराइडनेही तेच होतं. मर्क्युरिक सल्फेट घालून नेहमीची पद्धत लिटरला २,००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत निभावते, ७० ग्रॅम मिठाच्या बाथमध्ये ते ४२,००० च्या वर असतं. कारखाना साधं मीठ वापरतो की ग्लॉबर (सोडियम सल्फेट), एवढा एक प्रश्न डाईंग मास्तरांना कोणी विचारला नव्हता. (आपल्याकडे बरेच मास्तर तेलुगू बोलणारे. वर्गात तेलुगू येणारं पोरगं असेल तर त्याला सोबत न्या, मास्तर मोकळं बोलतात.)

करायला हवं होतं ते सोपं होतं: पहिल्या बाथचा ड्रेन धुण्याच्या पाण्यापासून वेगळा काढायचा. मिठाचा मोठा वाटा त्या १,००० लिटरमध्येच असतो. रंग काढून तेच खारं पाणी पुढच्या गडद लॉटला वापरता येतं का, हा खरा संशोधनाचा विषय होता, आणि त्यात अडचणी भरपूर आहेत. सोडा उरला तर मीठ घालतानाच रंग पकडायला लागतो आणि लडीवर डाग पडतात. पेरॉक्साइड उरलं तर पुढच्या लॉटचा रंग मारून शेड फिकी येते. बोअरच्या पाण्याचा जडपणा प्रत्येक फेरीला साठत जातो. डेल्टा ई (शेडमधल्या फरकाचा आकडा) १ च्या आत किती फेऱ्या राहतो, एवढं जरी काढलं असतं तरी मालकांनी पाइपलाइनचा खर्च स्वतः केला असता.

आमचे एक सहकारी आजही सांगतात की कारखानदारांना संशोधन नकोच असतं, त्यांना फुकटात टेस्टिंग हवं असतं. त्यांच्या मते नमुन्याचं पाणी 'प्रातिनिधिक नव्हतं'. नव्हतंच. विद्यार्थी सकाळी ११ ला जायचे, कॅन भरायचे, १२ च्या बसने परत. गडद लॉटचा बाथ सुटायचा पहाटे. ११ ला मिळायचं ते सोपिंगनंतरचं पाणी. पाणी चुकीचं नव्हतं, वेळ चुकीची होती. तेव्हा त्यांनी मालकांना बोल लावू नये.

म्हणून पेन टीडीएस मीटर आणि पीएच मीटर घेऊन सलग २४ तास तिथे थांबा. टीडीएस मीटरची कमाल मर्यादा आधी बघा, स्वस्त मीटर ९,९९९ च्या पुढे दाखवत नाहीत, तेव्हा पाणी मोजून पातळ करावं लागतं. दर तासाला एक नमुना, जागेवरच वाचन, सोबत कोणता लॉट, कोणता बाथ. सीओडीच्या बाटलीत ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणा आणि ती बर्फात ठेवा. दसरा ते दिवाळी जाऊ नका, ऑर्डरींमुळे कोणाला मान वर करायला वेळ नसतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतही नको.

मग मालकांसोबत एका पानावर लिहा: कोणता आकडा किती खाली आणायचा, तो कोण आणि कुठे मोजणार, रसायनं कोणाची, एखादा लॉट बिघडला तर नुकसान कोणाचं. शेवटचा मुद्दा लाजून सोडू नका, मालक मनात तोच धरून बसलेले असतात. पेपर पाठवण्याआधी त्यांना वाचायला ३० दिवस द्या, पण ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार समजला जाईल हेही लिहा. पेटंटचा विचार असेल तर आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, पेपर नंतर. पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात आणि शैक्षणिक संस्थेला शुल्कात ८० टक्के सवलत आहे. 'संयुक्त मालकी' ऐकायला गोड वाटते, पण पेटंट कायद्याचं कलम ५० वाचा. दोन्ही मालक स्वतः वापरू शकतात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय तिसऱ्याला लायसन्स देऊ शकत नाहीत. कारखाना वापरेल, विद्यापीठाकडे काय डाईंग मशीन आहे? लायसन्सची संमती सुरुवातीलाच लिहून घ्या.

एक कबूल करतो: हे सगळं डाईंगचं झालं. डाळिंबावर काम असेल तर हंगाम तुमच्या सेमिस्टरसाठी थांबत नाही, तिथे करार आधी झालेला बरा. सरकारी योजनेतून निधी मागायचा असेल तर काही ठिकाणी कंपनीचं पत्र किंवा एमओयू अर्जासोबतच लागतो, तेव्हा विभागप्रमुख अगदीच चूक नाहीत.

पैशाचं: लहान युनिट रोख क्वचित देतं, जागा, वाफ, सूत आणि माणूस देतं. तेही प्रस्तावात किमतीसह मांडा. जीएसटीचं असं, की १० ऑक्टोबर २०२४ पासून अनुदान म्हणून मिळालेल्या संशोधनाच्या पैशावर तो माफ आहे, अनुदान खासगी कंपनीचं असलं तरी, पण संस्था प्राप्तिकर कायद्याखाली संशोधनासाठी अधिसूचित असली पाहिजे. कन्सल्टन्सी म्हणून पैसे घेतले तर १८ टक्के. तुमची संस्था त्या यादीत आहे का, हे लेखा विभागात विचारून घ्या, आणि तेही मालकांना आकडा सांगण्याच्या आधी.