न लिहिलेल्या बातम्यांची वही

पत्राचा सारांश: मी 31 वर्षे दैनिकात बातमीदारी करून निवृत्त झालो. मुलीला पदवीसाठी पत्रकारिता निवडायची आहे. माझ्याजवळ एक वही आहे, जिच्यात राहून गेलेल्या 14 बातम्यांची नोंद आहे. कामावरच्या अपघातात मुलगा गमावलेल्या एक बाई कागदांची पिशवी घेऊन आल्या होत्या; मी घाईत त्यांना ‘सोमवारी या’ म्हणालो, आणि त्या परत आल्या नाहीत. अशी खंत मुलीच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिला अडवावेसे वाटते. माझे चुकते आहे का?

सप्रेम नमस्कार.

मुलीला अडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ती वही तिला वाचायला द्यावी, असेही मी सुचवीन.

आपण 14 बातम्या एकाच यादीत लिहिल्या आहेत, परंतु आपल्याच पत्रावरून दिसते की त्या राहून जाण्याची कारणे एकसारखी नाहीत. पाच बातम्यांना दुसरा पुरावा मिळाला नाही म्हणून आपण त्या दिल्या नाहीत. ते आपले काम होते आणि आपण ते नीट केले, त्यामुळे त्यांची खंत बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. काही बातम्या जाहिरातदाराच्या दबावाखाली संपादकांनी थांबवल्या, तो दोष संस्थेचा होता. त्या बाईंची बातमी मात्र कोणीही अडवली नव्हती आणि म्हणूनच ती आपल्याला सलते, हे मी समजू शकतो.

संस्थांनाही अशी चूक कबूल करावी लागली आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या ‘लेक्सिंग्टन हेराल्ड-लीडर’ने 4 जुलै 2004 रोजी पहिल्या पानावर खुलासा छापून, नागरी हक्क चळवळीच्या बातम्या आपण त्या काळात दिल्या नाहीत, याबद्दल खेद व्यक्त केला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च 2018 पासून, 1851 पासून ज्यांच्या निधनाची दखल घ्यायची राहिली, अशा व्यक्तींवर मृत्युलेख लिहायला घेतले. त्यांतील सुरुवातीच्या लेखांपैकी एक आयडा बी. वेल्स यांच्यावर होता. कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींचा जिवावर उदार होऊन शोध घेणाऱ्या या पत्रकाराचे निधन 1931 साली झाले होते. बातमी राहून गेली म्हणजे ती कायमची संपली, असे मानण्याचे कारण नाही, हे मुलीने आपल्याकडूनच ऐकावे.

वही देण्यापूर्वी, नाव उघड न करण्याच्या अटीवर बोललेल्या माणसांची नावे आणि खुणा पूर्ण खोडून टाका, कारण आपण दिलेला शब्द निवृत्तीनंतरही आपल्यावर बंधनकारक आहे आणि मुलगी त्याला अपवाद नाही. मग तिच्यासोबत एकेक नोंद वाचा. पिशवीत कोणते कागद होते, बाईंचा पत्ता का लिहून घेतला नाही, सहकाऱ्याकडे काम का सोपवले नाही, असे प्रश्न ती आपणहून विचारू लागली तर तिचा कल खरा आहे, असे समजण्यास हरकत नाही. केवळ पडद्यावर दिसण्याचे आकर्षण असेल तर तेही या बैठकीत कळेल.

अभ्यासक्रम निवडताना इमारत आणि स्टुडिओ पाहण्यापेक्षा तिथे दर आठवड्याला विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या बातम्या कोणी तपासून परत देते का, ताळेबंद आणि न्यायालयीन कागद वाचायला शिकवतात का, बदनामीचा कायदा शिकवतात का आणि प्रत्यक्ष वृत्तकक्षात उमेदवारी करता येते का, हे विचारा. पगाराविषयीही तिला खरे ते सांगा. सुरुवातीची वर्षे ओढाताणीची असतात.

त्या बाईंचा शोध आपण आजही घेऊ शकता. त्या किंवा त्यांच्या घरचे भेटायला तयार असतील तर पहिल्या वेळी आपण एकटेच जा आणि वही सोबत नेऊ नका. कागद अजून त्यांच्याकडे असतील आणि ते पुढे यावेत अशी त्यांची इच्छा असेल, तर त्यांच्या परवानगीने कागदांची पडताळणी करताना मुलीला जवळ बसवा.