वडील गेल्यावर थांबलेला हप्ता: आधी फेरफार करा

भाऊ, बाबा गेल्यापासून पीएम किसानचा हप्ता बंद आहे, सेतूवाला आधार लिंक करून आणा म्हणतो, बँक म्हणते लिंक आहेच, आणि आईला घेऊन तालुक्याला तीन चकरा झाल्या, असं तू लिहिलंस. चौथी चकर याच कामासाठी मारू नकोस. बाबांच्या नावाचा हप्ता कुठल्याही लिंकने सुरू होणार नाही. आईची नवीन नोंदणी करावी लागेल, आणि त्यासाठी सातबाऱ्यावर आईचं नाव हवं. वावर अजून बाबांच्याच नावाने आहे हे तू अगदी शेवटी सांगितलंस. अडलंय ते तिथेच.

आमच्या घरी हेच झालं होतं. वडील सोयाबीन काढणीच्या दिवसांत वारले. तेरवी झाली, मग कापूस वेचणी, मग तूर, आणि फेरफार (सातबाऱ्यावर वारसांची नावं लावणं) राहून गेला. पुढच्या पावसाळ्यात वावरात पाणी साचून पीक सडलं. पंचनामा झाला, मदतीच्या यादीत नाव आलं ते वडिलांचं. केवायसीला बोटाचा ठसा लागतो, आणि तो देणारा माणूसच उरला नव्हता. ज्या वर्षी पैशाची खरी गरज होती, त्याच वर्षी हातात काही आलं नाही. ते अजून मनाला लागतं, म्हणून एवढं लिहितोय.

तर मृत्यूचा दाखला, सर्व वारसांचे आधार आणि आठ-अ घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंदीचा अर्ज दे. ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही देता येतो. जमिनीत हक्क आल्याची खबर 3 महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला असला तरी नोंद होते, घाबरू नकोस. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. लग्न झालेल्या बहिणीचंही नाव लागेल. हप्त्याच्या घाईत तिच्याकडून हक्कसोड (जमिनीतला वाटा सोडल्याचा कागद) लिहून घेऊ नका. तिचं नाव असल्याने आईचा हप्ता अडत नाही.

कोणी म्हणेल, 1 फेब्रुवारी 2019 नंतर नाव लागलं तर पैसे मिळत नाहीत. ती अट विकत घेतलेल्या किंवा वाटणीने आलेल्या जमिनीला लावतात. मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला सूट आहे. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. म्हणून तू सज्ञान आहेस आणि तुझंही नाव लागलं, तर आईचा आणि तुझा अर्ज वेगळा. पण आयकर भरणारा, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून) किंवा महिना 10,000 किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा त्यात बसत नाही. नाव लागलं की आईचा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढून घे, आता त्याशिवाय कृषी विभागाची कामं पुढे सरकत नाहीत.

पीएम किसानचे वर्षाला 6,000 सुरू झाले की राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6,000 त्याच यादीवरून येतात, वेगळा अर्ज नाही.

आता बँकेचं. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे कुठल्या खात्यात पडतील ते ठरणं वेगळं. ज्या खात्याचं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग, म्हणजे आधारशी जोडणी, शेवटची झाली, तिथेच पैसे जातात. बचत गटाच्या किंवा गॅसच्या वेळी आईचं दुसरं खातं उघडलं होतं का, ते तिला विचार. माझ्या आईचे दोन हप्ते अशाच विसरलेल्या खात्यात सापडले. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की बँकेचं नाव दिसतं.

आणि बाबांच्या खात्यात मृत्यूनंतर एखादा हप्ता पडला असेल तर तो काढू नका. नंतर वसुली निघते आणि ती निस्तरायला पुन्हा आईलाच जावं लागतं. तालुका कृषी कार्यालयात मृत्यूचा दाखला लेखी अर्जासोबत दे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घे.