वाचनालयातली जुनी पुस्तकं स्कॅन करून टेलिग्रामवर टाकली तर ‘फेअर यूज’मध्ये बसेल का? पुस्तकं बाजारात मिळत नाहीत, पैसेही घेणार नाही.

स्कॅन करणं वेगळं आणि टेलिग्रामवर सोडणं वेगळं. मीही हीच गल्लत केली होती.

मी जळगाव जिल्ह्यातला. आमच्या वाचनालयातल्या एका कपाटाला वाळवी लागली, तेव्हा आम्ही तिघं मोबाइलवर पानं टिपायला बसलो. तोही मे महिना! पंखा लावला की पानं उडायची, बंद केला की घाम पानांवर टपकायचा. एवढ्या खटाटोपानंतर फाइल लोकांना द्यावीशी वाटणारच. एक कथासंग्रह ग्रुपवर टाकला. आठवड्याभरात लेखकाच्या मुलीचा फोन. आवाज चढला नाही की काही नाही, एवढंच म्हणाल्या, “विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?” लेखक जाऊन पन्नास वर्षंही झाली नव्हती. फाइल काढली, पण तोवर ती कुठे कुठे गेली होती कोण जाणे.

‘फेअर यूज’ हा अमेरिकी कायद्यातला शब्द. गूगलच्या पुस्तक-स्कॅनिंगला तिथल्या अपील न्यायालयानं 2015 मध्ये मान्यता दिली खरी, पण गूगल हक्क शाबूत असलेल्या पुस्तकांचे बारीक तुकडेच दाखवत होतं. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 आहे. स्वतःचा अभ्यास, समीक्षा वगैरे ठरावीक कारणांसाठीच त्यात सूट मिळते. ‘दहा टक्के पानं चालतात’ असं काही त्यात लिहिलेलं नाही. फुकट वाटलं म्हणजे सुटलो, असंही नाही.

तुमच्या कामाची सूट 2012 च्या दुरुस्तीत आली. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी त्याला ती डिजिटल करून ठेवता येते. म्हणजे वाळवीच्या कपाटाचा प्रश्न मिटला, टेलिग्रामचा नाही.

बाहेर वाटायचं तर आधी लेखकाचं मृत्यूवर्ष शोधा. त्यानंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजायची. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत छापलेलं सगळं 2011 पासून मोकळं आहे. मरणोत्तर छापलेल्या पुस्तकाची 60 वर्षं मात्र प्रकाशनापासून धरतात. आपल्या बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, संग्रह 1952 मध्ये आला. म्हणून त्यातल्या कविता 2013 पासून मोकळ्या. पण त्याच पुस्तकाची प्रस्तावना अत्र्यांची आहे आणि अत्रे 1969 मध्ये गेले. म्हणजे कविता खुशाल टाका, प्रस्तावनेला 2029 संपेपर्यंत हात लावू नका! अनुवादक आणि चित्रकार यांचाही असाच स्वतंत्र हिशोब असतो. मुखपृष्ठाच्या नादात आपण तो विसरतो.

उरलेल्या पुस्तकांसाठी वारसांना पत्र टाका. आम्ही आता तेच करतो. प्रकाशकाचा जुना पत्ता, गावातली म्हातारी माणसं, लेखक ज्या शाळेत शिकवायचे ती शाळा, कुठून ना कुठून धागा लागतो. परवानगी लेखीच घ्या आणि ‘इंटरनेटवर मोफत ठेवायला’ हे शब्द त्यात आवर्जून असू द्या, नुसतं ‘स्कॅन करायला’ नको. त्या फोनवाल्या ताईंनी पुढे लेखी होकार दिला, वर वडिलांची आणखी दोन पुस्तकं पाठवली. त्यातलं एक आमच्या कपाटात नव्हतंच.