घाना, १० दिवस, सोबत मुलं आणि आजी: आधी आखणीला कात्री लावा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून पाच जण, मुलं ११ आणि ६ वर्षांची, आजी ६८ च्या. दिवाळीच्या सुट्टीत १० दिवस घाना. राजधानी अक्रा, कुमासी शहर, उत्तरेतलं मोले अभयारण्य, किनाऱ्यावरचं केप कोस्ट सगळं गाडीने, आणि जेवण शाकाहारी.

मोले काढून टाका, कुमासीही. अक्रा ते कुमासी जेमतेम अडीचशे किलोमीटर असलं तरी पाच-सहा तास धरावे लागतात, आणि मोले तिथून उत्तरेला आणखी एका अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. म्हणजे दहातले चार दिवस गाडीत. बरं, हत्ती दिसतात ते जानेवारी ते मार्चमध्ये, बाकीचं पाणी आटून ते पाणवठ्यावर यायला लागतात तेव्हा. दिवाळीच्या सुमारास उत्तरेत पाऊस नुकताच थांबलेला असतो, गवत पुरुषभर उंच. एवढं हिंडून मुलं गवत बघून परत येतील. बाकी दिवाळीची सुट्टी दक्षिणेसाठी चांगली निवडली आहे. मेमध्ये तिथे मोठ्या पावसाची सुरुवात असते, तर नाताळात परदेशस्थ घानावासी घरी येतात आणि अक्रातली हॉटेलं नको तितकी महागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. तिच्या प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक नसेल तर घानात अडवतात, आणि परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. बरेच जण फक्त जाण्याचा विचार करतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात नाही, सरकारमान्य केंद्रावरच मिळते. मूळ पासपोर्ट लागतो आणि सुट्टीच्या आधी तारखा भरतात. पहिल्यांदा घेतली की प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, त्यानंतर मात्र आयुष्यभर चालतं. पुस्तकावरचा पासपोर्ट क्रमांक केंद्रातून बाहेर पडण्याआधी जुळवून बघा. मुलाला अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, कारण लस अंड्यात वाढवतात. गोवर-गालगुंडाची लस जवळपास द्यायची असेल तर दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर ठेवतात, दोन्ही जिवंत लसी आहेत.

आजींचं वेगळं. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. प्रमाण कमीच, पण तिकिटं काढण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. लस देऊ नये असं पत्र डॉक्टर देतात, पण त्याने परतीच्या विलगीकरणाचा प्रश्न सुटेलच असं नाही. आजींचा निर्णय झाल्याशिवाय बाकीच्यांची तिकिटं काढू नका.

मलेरिया बारमाही, देशभर, आणि मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे घातक प्रकार. गोळ्या हव्यातच. डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, दातांवर डाग पडतात. तेव्हा धाकट्यासाठी वजनाप्रमाणे अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा मेफ्लोक्विन. पहिली जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज, परतल्यावर सात दिवस. दुसरी आठवड्यातून एकदा, पण दोन-तीन आठवडे आधीपासून, म्हणजे झोप बिघडणं, भीती वाटणं असलं काही झालं तर घरीच कळतं. चूक होते ती शेवटी. घरी पोचलो की गोळ्या कपाटात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातल्या परजीवीवरही चालतं म्हणून सात दिवस पुरतात. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन फक्त रक्तात उतरलेल्यावर चालतात, म्हणून परतल्यावर चार आठवडे. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर तपासताना ‘घानाहून आलोय’ हे पहिलं वाक्य असू दे.

मार्ग असा ठेवा: दोन रात्री अक्रा, तीन केप कोस्ट किंवा एल्मिना, दोन अकोसोम्बो, उरलेल्या परत अक्रात. अक्राहून केप कोस्ट दीडशे किलोमीटर आहे, पण वाटेतल्या कासोआची वाहतूककोंडी तास-दीड तास सहज खाते. पहाटे निघा. अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी नको: दिव्याविना उभे ट्रक, खड्डे, रस्त्यावर जनावरं. भाड्याच्या गाडीत मुलांची सीट गृहीत धरू नका. आणि तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आपली मुलं नेमकी उलट्या दिशेला बघतात. हात धरा.

केप कोस्ट आणि एल्मिना, दोन्हीकडे गुलामांना कोंडून ठेवायचे किल्ले आहेत; एकच दाखवा. एल्मिना पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला, १६३७ मध्ये डचांनी घेतला. केप कोस्टला पुरुषांच्या कोठडीच्या बरोबर वर प्रार्थनागृह होतं, हे वाटाड्या सांगतो तेव्हा अकरा वर्षांच्या मुलाला बरंच काही कळतं. सहा वर्षांच्या मुलाला कोठडीतला अंधार आणि कोंदटपणा झेपेलच असं नाही, एक मोठा माणूस त्याला घेऊन अंगणात थांबू दे. तिथे येणारे कित्येक जण गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज असतात आणि रडतात. कोठडीत सेल्फी नको.

काकुमच्या जंगलातला झुलत्या पुलांचा मार्ग केप कोस्टपासून तीसेक किलोमीटरवर. सात पूल, जमिनीपासून चाळीस मीटरपर्यंत उंच. दार उघडताना पोचा, नंतर शाळांच्या सहली येतात आणि पुलावर रांग लागते. आजींनी खालीच बसावं.

अकोसोम्बोला धरण आणि व्होल्टा जलाशय बघा, बोटीतून फिरा, पण मुलांना गोड्या पाण्यात उतरू देऊ नका, पायही बुडवू नका. गोगलगायींतून येणारा बिलहार्झियाचा परजीवी थेट कातडीतून शिरतो. समुद्रातही ओढ जोरदार आहे, पोहायचं ते हॉटेलच्या तलावात.

अकोसोम्बोहून परतताना माम्पोंगचा कोकोचा मळा चुकवू नका. टेट्टे क्वार्शीने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या, त्यांतून उभा राहिलेला हा मळा. वाटाडे शेंग फोडून देतात: आत बियांभोवती पांढरा, आंबटगोड गर, बराचसा सीताफळासारखा. तो चोखायचा. बी चावली तर आतून जांभळी आणि कडूजार, चॉकलेटचा मागमूस नाही. ती चव येते बिया केळीच्या पानांखाली सहाएक दिवस आंबवून उन्हात वाळवल्यावर. वाटेत आबुरीचं वनस्पती उद्यान आहे, डोंगरावर, हवा गार. आजींना इथे आवडेल. अक्रात ओदोर्कोरला हिंदू मठही आहे, स्वामी घनानंद सरस्वती या घानाच्याच माणसाने उभारलेला. भक्त बहुतेक स्थानिक.

जेवणात ‘मीट नको’ म्हटलं तर मासा येतो. ‘नो मीट, नो फिश, नो शिटो’ असं तिन्ही म्हणा. शिटो म्हणजे काळी तिखट चटणी, तिच्यात सुकी मासळी असते. जोलोफ भात बहुधा मांसाच्या पाण्यात शिजतो. वाक्ये म्हणजे चवळीभात, ज्वारीच्या वाळलेल्या पानांमुळे तांबूस झालेला. भात स्वतः शाकाहारी, पण विकणारी बाई सवयीने वर अंडं, मासा आणि वेले टाकते, आणि वेले म्हणजे गाईचं कातडं. कढईकडे बोट दाखवून नुसता भात मागा. निर्धास्त खायचं ते केलेवेले: पिकल्या राजेळी केळ्याचे तुकडे, आलं-मिरची लावून तळलेले. शेंगदाणे, पपई, अननस भरपूर. आजींसाठी मेतकूट आणि छोटा कुकर न्या. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, अडॅप्टर इथूनच घ्या.

काही देताघेताना उजवा हात. पैसे डॉलरमध्ये, नव्या कोऱ्या शंभराच्या नोटा. छोट्या नोटांना भाव कमी मिळतो, रुपया कोणी घेत नाही. उरलेले सेडी (घानाचं चलन) निघण्याआधी अक्रातच बदला, पुण्यात त्यांचं काहीच होत नाही.