‘त्याला तर काही झालं नाही!’

कापूस वेचणी आटोपत आली की गावोगावी रात्रीचे कबड्डी सामने रंगतात. व्यावसायिक संघांत खेळणारी आपली मुलंही सुट्टीत त्यात उतरतात. पत्रं मात्र दरसाली तीच येतात.

सलग तीन चढायांत गुण मिळाले. चौथीही हमखास जमते का? (दर्यापूर)

नाही. तोवर समोरच्या कोपऱ्यात उभ्या बचावपटूने तुमची चाल ओळखलेली असते.

संघ मागे पडला की आमचा अनुभवी चढाईपटू भान सोडून आत घुसतो. का? (आरमोरी)

हार समोर दिसली की भलेभले जास्त धोका पत्करतात. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच हे मांडलं: कमावल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख मोठं असतं. समोर सहा-सात जण असतील तर कोणाला न शिवता, बोनस रेषा ओलांडून मिळणारा एक गुण घेऊनही परतता येतं. पिछाडीवर काय करायचं, हे प्रशिक्षकासोबत सामन्याआधीच ठरवा.

मुलाचं एसीएलचं (गुडघ्यातली हाडं जोडून ठेवणाऱ्या लिगामेंटचं) ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. सूज नाही, पळतोही. महिनाभराने व्यावसायिक संघाची निवड चाचणी आहे. गावातला एक जण चार महिन्यांत खेळला, त्याला काही झालं नाही. पाठवू का? (काटोल)

नाही पाठवायचं! ‘त्याला काही झालं नाही’ हे वाक्य ऐकून माझे कान किटले. जो वाचला तो मैदानावर दिसतो. ज्याचा गुडघा पुन्हा गेला तो घरी बसलेला असतो, त्याचं उदाहरण कोणी देत नाही. सरळ पळता येणं हा पुरावा नव्हे. चढाईत अंगाला झटका देऊन दिशा बदलावी लागते, घोट्याला पकड बसते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. बसवलेलं लिगामेंट दुखणं थांबल्यावरही बराच काळ कच्चं असतं. दोन्ही मांड्या टेपने मोजून बघा, ऑपरेशनच्या बाजूची बहुधा बारीक निघेल. किमान नऊ महिने थांबायचं. त्यानंतरही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के आणि एका पायावरच्या उडीची चाचणी पास, तरच मॅटवर उतरायचं. घाईने खेळलेल्या मुलांचा कधी दुसराही गुडघा जातो. निवड हुकेल या भीतीने मुलगा आणि तुम्ही दोघंही आत्ता नीट तोलू शकत नाही, म्हणून निर्णय सर्जन आणि फिजिओवर सोडा. मालिशवाल्याकडे नेऊन आणखी महिना घालवू नका.

सगळेच घेतात ती ताकदीची पावडर सुरक्षित आहे ना? दुकानदार हमी देतो. (अचलपूर)

‘सगळे घेतात’ ही हमी नव्हे, आणि दुकानदाराला डबा विकायचा असतो. लेबलवर नसलेला बंदी असलेला पदार्थ आत निघाला, तरी उत्तेजक चाचणीत जबाबदार खेळाडूच ठरतो. डबा उघडण्याआधी संघाच्या डॉक्टरांना दाखवा. उघडला असेल तर आजच.