आधी पाण्याकडे बघा, मग क्रीमकडे

हिवाळ्यात हात फुटायला लागले की आपण नवी क्रीम शोधतो. मीही कितीतरी डब्या संपवल्या. खरा फरक पडला तो क्रीम कधी लावायची हे कळल्यावर. तळहाताच्या त्वचेत तेलग्रंथी नसतातच. त्यात गरम पाणी आणि साबण असलेला ओलावाही काढून घेतात. म्हणून हात कोमट पाण्याने धुवा, टॉवेलने घासू नका, नुसते टिपा आणि किंचित ओलसर असतानाच क्रीम लावा. ओलावा धरून ठेवणारं ग्लिसरीन किंवा युरिया असलेली क्रीम चांगली, पण भेगा पडल्या असतील तर युरिया झोंबतं, तेव्हा साधी पेट्रोलियम जेली बरी. रात्री जाडसर थर देऊन सुती हातमोजे घाला. पहिल्या रात्री विचित्र वाटेल, पण सकाळी बोटांच्या पेरांवरून हात फिरवून बघा!

नखांचं दुखणं वेगळं. ती सारखी भिजून सुकली की त्यांचे पापुद्रे सुटतात. भांडी घासताना रबरी हातमोजे घालाच, हे मी अगदी कळकळीने सांगते. नखं आखूड ठेवा, कानस एकाच दिशेने चालवा, अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर टाळा. क्रीम लावताना नखाच्या मुळाशीही चोळा.

घाई मात्र करू नका. नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला 6 महिने लागतात. भेगांतून रक्त येत असेल किंवा नखाचा रंग बदलला असेल, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.